तेलसाठ्याचा अंदाज आणि खडकाचा कोअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोअर म्हणजे नेमकं काय?

तेलविहीर खोदताना खडकाचा चुरा न करता त्याचा जो अखंड दंडगोल कापून वर आणतात, तो कोअर. नेहमीचं बिट, म्हणजे खोदणाऱ्या नळीच्या टोकाचं कापणारं अवजार, समोर येईल तो खडक भरडत जातं. कोअरिंगचं बिट मधोमध पोकळ असतं. कडेचा खडक कापला जातो आणि मधला खांब शाबूत राहून वरच्या नळीत शिरतो. धान्याच्या पोत्यात पोकळ सळई खुपसून आतले दाणे काढून बघतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे पोतं दोन-तीन किलोमीटर खोल असतं आणि उसवून बघायची सोय नसते.

व्यास बहुधा १० सेंटिमीटरच्या आसपास असतो. लांबी ९ मीटरच्या पटीत मोजतात, कारण बॅरलचे, म्हणजे कोअर ज्यात शिरतो त्या नळीचे, तुकडे त्या मापाचे असतात: ९, १८, २७ मीटर. खडक एकसंध असेल तर एका फेरीत याहून पुष्कळ लांब कोअरही निघतो.

विहिरीतून चुरा वर येतोच, शिवाय लॉगही घेतात. मग कोअर कशाला?

चुरा म्हणजे काही मिलिमीटरचे कपटे. ते मडबरोबर, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, वर यायला वेळ लागतो, वाटेत वरच्या थरांतले कपटे त्यात मिसळतात, आणि नेमक्या कुठल्या मीटरचा कपटा हातात आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही. खडकाची जात कळते, तेलाचा मागमूस लागतो, त्यापलीकडे फारसं नाही.

लॉगचं तसं नाही. केबलवरून विहिरीत सोडलेली उपकरणं खालपासून वरपर्यंत सलग नोंद देतात आणि ती स्वस्तही पडते. पण लॉग खडकाची सच्छिद्रता मोजत नाही. तो गॅमा किरणं, विद्युतरोध, ध्वनीचा वेग असलं काहीतरी मोजतो आणि सच्छिद्रता आपण त्यावरून काढतो. त्या हिशेबात काही गोष्टी गृहीत धराव्या लागतात.

समजा घनतेच्या लॉगने २.३२ हा आकडा दाखवला. खडक क्वार्ट्झचा आहे असं धरलं (कणांची घनता २.६५), तर सच्छिद्रता २०% निघते. चुनखडक धरला (२.७१), तर सुमारे २३%. डोलोमाइट धरला (२.८७), तर २९%. लॉगचा आकडा एकच, उत्तरं तीन. कोअरमधून कणांची घनता प्रत्यक्ष मोजता येते आणि मग यातलं कुठलं उत्तर खरं ते ठरतं. म्हणून कोअरचं पहिलं काम लॉगला जमिनीवर आणण्याचं असतं. ज्या विहिरींत कोअर घेतलेलाच नाही, त्यांच्या लॉगचा अर्थही पुढे याच मापाने लावला जातो.

पारगम्यता, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो, ती तर नेहमीचा कुठलाच लॉग थेट सांगत नाही.

सच्छिद्रतेत दोन टक्के इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?

हिशेब करून बघा. साठ्याचं क्षेत्र १० चौरस किलोमीटर, जाडी २० मीटर, सच्छिद्रता २०%, छिद्रांतलं पाणी ३०%. तेल वर आल्यावर त्यातला वायू निघून जातो आणि ते आकसतं, त्यासाठी १.३ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे २.१५ कोटी घनमीटर, म्हणजे साडेतेरा कोटी बॅरल. आता सच्छिद्रता २० ऐवजी १८ घ्या. जवळपास १.३५ कोटी बॅरल कागदावरून नाहीसे झाले, आणि खाली जमिनीत तर काहीच बदललेलं नाही.

हे जागेवर असलेलं तेल झालं. त्यातलं किती बाहेर येईल हा वेगळाच प्रश्न, आणि त्यासाठी तर कोअरची गरज आणखी वाढते.

कोअर बॅरल काम कसं करतं?

नळीत नळी असते. बाहेरची नळी बिटबरोबर फिरते. आतली नळी बेअरिंगवर टांगलेली असते, म्हणून ती फिरत नाही आणि आत शिरणारा खडक पिळवटत नाही. कोअरिंग सुरू करण्याआधी आतल्या नळीतून मड सोडून ती धुऊन घेतात. मग वरून एक पोलादी गोळी टाकतात. ती खाली बसली की आतली वाट बंद होते आणि मड दोन नळ्यांच्या मधून बिटकडे जायला लागतं. तिथून पुढे कापायला सुरुवात.

ठरलेली लांबी कापून झाली की ड्रिलर सगळी नळी हळूच वर उचलतो. बिटच्या अगदी वर कोअर कॅचर नावाची पकड असते, ती खडकाला घट्ट धरते. वजनाच्या काट्यावर ओढ वाढत जाते, आणि मग काटा झटक्यात मागे येतो. कोअर तळाशी तुटला. काटा असा हललाच नाही, तर रिगवरच्या, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेवरच्या, अनुभवी लोकांच्या कपाळावर आठ्या येतात: एक तर आधीच तुटलाय, नाहीतर आत काही नाहीच.

कोअर कुठून कापायचा हे कोण ठरवतं?

आसपास विहिरी असतील तर आधीच ठरलेलं असतं. नवीन भागात ते रिगवरच्या भूवैज्ञानिकाला ठरवावं लागतं. खोदण्याचा वेग अचानक वाढला की तो विहीर थांबवायला सांगतो. वेग वाढला म्हणजे खडक मऊ किंवा सच्छिद्र झाला असण्याची शक्यता. मग मड फिरवत ठेवून तळाचा चुरा वर येईपर्यंत थांबायचं, तो भिंगाखाली आणि अतिनील दिव्याखाली बघायचा, आणि तेलाची चमक दिसली तर कोअर बॅरल लावायचं. यात दोन-तीन मीटर खडक आधीच भरडला गेलेला असतो. साठ्याचा माथा बहुतेकदा असाच हातचा जातो.

खरा प्रश्न मात्र "कुठून" याच्याही आधीचा आहे: कशासाठी? तेलाचं प्रमाण हवंय, खडकाची ताकद हवीय, की पाणी सोडून तेल किती ढकलता येईल ते हवंय? मड कुठलं वापरायचं, आतली नळी ॲल्युमिनियमची की फायबरग्लासची, वर आल्यावर गोठवायचा की नाही, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं. कोअर कापून झाल्यावर प्रश्न ठरवायला बसणारे लोक मी कमी पाहिलेले नाहीत. त्यांना आकडे मिळतात, पण हवे होते ते मिळत नाहीत.

कोअरिंग इतकं महाग का?

कोअरिंगचं बिट त्या मानाने स्वस्त असतं. पैसा खातो तो रिगचा वेळ. नेहमीचं बिट काढायला सगळी नळी बाहेर, बॅरल लावून परत आत, कापून झाल्यावर पुन्हा बाहेर, आणि शेवटी खोदायला पुन्हा आत. खोल विहिरीत अशी एकेक फेरी कित्येक तास खाते, आणि समुद्रातल्या रिगचं भाडं तासागणिक चढत असतं. यावर उपाय म्हणून वायरलाइन कोअरिंग आलं. त्यात आतली नळी तेवढी केबलने ओढून काढतात, ड्रिल पाइप जागेवरच राहतात. मात्र कोअरचा व्यास लहान मिळतो.

कापलेला सगळा कोअर वर येतो का?

नाही. १८ मीटर कापले आणि १६.५ मीटर हाती आले, तर रिकव्हरी ९२% धरतात. घट्ट वालुकाश्मात पूर्ण मिळतो. भेगाळलेल्या खडकात तुकडे तिरके होऊन आतल्या नळीत अडकतात. अशा वेळी खोदण्याचा वेग पडतो, पंपाचा दाब बदलतो. ड्रिलरने ते ओळखून वेळीच थांबायचं असतं. तसाच दाबत राहिला तर पुढचा खडक नळीत न शिरता बिटखाली भरडला जातो. सुट्या वाळूत दुसरीच अडचण: खालून पकड पूर्ण बंद झाली नाही तर वाळू वाटेतच गळून जाते. त्यासाठी तळ पूर्ण मिटणारे कॅचर मिळतात.

मग हरवलेला तुकडा कुठला, हे कसं ठरवायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि अहवालातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ इथेच असतं.

रिवाज असा, की पुरावा नसेल तर हरवलेला भाग कोअरच्या तळाचा मानायचा. सोयीचं आहे, कारण शेवटचा तुकडा निसटण्याची शक्यता खरंच जास्त असते. पण मध्येच मऊ वाळूचा थर वाहून गेला असेल, तर त्या रिवाजाने खालचे सगळे नमुने दीड मीटर वर सरकतात. तुकड्यांची तोंडं जुळवून पाहावी लागतात. दोन तुकडे एकमेकांत नीट बसत नसतील, एखाद्याचं तोंड फिरून गुळगुळीत झालं असेल, तर तिथे काहीतरी गेलंय.

दुसरा मार्ग गॅमा किरणांचा. कोअर एका उपकरणाखालून सरकवत त्यातली नैसर्गिक किरणं मोजतात आणि विहिरीत घेतलेल्या गॅमा लॉगशेजारी तो आलेख ठेवतात. शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या खडकाचा, उंचवटा शेलशी, वाळूचा खड्डा वाळूशी जुळवत जायचं. हे करताना आणखी एक गोष्ट लक्षात येते: ड्रिलरची खोली मोजलेल्या पाइपांवरून येते आणि लॉगची केबलवरून, आणि दोन्हींत सर्रास मीटर-दोन मीटरचा फरक असतो. हा फरक न काढता कोअरची सच्छिद्रता लॉगवर टाकली, तर वाळूचा आकडा शेलसमोर जाऊन बसतो आणि मग "कोअर आणि लॉग जुळत नाहीत" अशी तक्रार सुरू होते.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. हरवतो तो खडक सरासरी खडक नसतो. सगळ्यात सुटी वाळू हरवते, म्हणजे बहुतेकदा सगळ्यात जास्त तेल वाहू देणारी. रिकव्हरी ९२% म्हणजे माहितीही ९२% मिळाली असं नव्हे.

विहीर खोदून झाली आणि कोअर घेतलाच नाही. आता?

भिंतीतून घेता येतो. साइडवॉल कोअरिंगचे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत केबलवरच्या बंदुकीतून पोकळ गोळ्या भिंतीत मारतात आणि तारेने ओढून काढतात. एका फेरीत डझनावारी नमुने मिळतात, पण दणक्याने कण फुटतात, सुटे होतात, त्यामुळे सच्छिद्रता-पारगम्यतेच्या आकड्यांवर विसंबू नये. जीवाश्म पाहायला, खडकाची जात ओळखायला उत्तम. दुसऱ्या पद्धतीत छोटं हिऱ्याचं बिट आडवं फिरून अडीच सेंटिमीटर व्यासाचा प्लग, म्हणजे खडकाचा छोटा दंडगोल, कापतं. नव्या उपकरणांत ३.८ सेंटिमीटरचाही मिळतो. हे नमुने प्रयोगशाळेत नीट वापरता येतात. लॉग बघून जागा निवडता येते हा त्याचा मोठा फायदा. थरांची सलग रचना मात्र त्यातून दिसत नाही.

कोअर वर आल्यावर पहिल्यांदा काय करतात?

पहिल्यांदा वायू तपासतात. नळीत अडकलेल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, म्हणून जिथे तशी शंका असते तिथे बॅरल उघडणारी माणसं श्वसनयंत्र लावूनच जवळ जातात. नळीत दाब कोंडून राहिलेला असू शकतो, तोही आधी सोडावा लागतो.

मग आतली नळी कोअरसकट साधारण एकेक मीटरच्या तुकड्यांत कापतात. कापायच्या आधी तिच्यावर दोन समांतर रेघा मारतात, एक लाल, एक काळी. वरचं टोक वर धरलं की लाल रेघ उजवीकडे यायला हवी. इतकं साधं, पण पुढे वीस वर्षांनी कोणी पेटी उघडली तरी तुकडा उलटा आहे की सुलटा हे त्या रेघा बघून कळतं. प्रत्येक तुकड्यावर खोली, बाण आणि क्रमांक. टोकांना टोप्या.

टोकाचे कपटे भूवैज्ञानिक तिथल्या तिथे बघतो: वास, रंग, तेल पाझरतंय का, बुडबुडे येताहेत का. अतिनील दिव्याखाली तेल पिवळट सोनेरी ते निळसर पांढरं चमकतं. सुट्या वाळूचे तुकडे कोरड्या बर्फात गोठवतात. द्रवाचं प्रमाण मोजायचं असेल तर तुकडा प्लॅस्टिक आणि धातूच्या पातळ कागदात गुंडाळून वर मेणाचा थर देतात. हे तासाभरात झालं पाहिजे. उन्हात उघडा पडलेला कोअर दुपारपर्यंत दुसराच खडक होतो.

कोअरमधलं तेल मोजलं की साठ्यात किती टक्के तेल आहे ते कळतं, हो ना?

दुर्दैवाने नाही, आणि नव्या माणसाची इथे हमखास गफलत होते.

खडक कापला जात असतानाच मडमधलं पाणी त्यात घुसतं आणि काही तेल बाहेर ढकलतं. मग कोअर वर यायला लागतो. दाब कमी होत जातो, तेलात विरघळलेला वायू सुटतो, फुगतो आणि उरलेल्यातलंही काही तेल हाकलून देतो. टेबलावर येईपर्यंत त्यात मूळच्या तेलाचा एक हिस्सा, भरपूर परकं पाणी आणि उरलेल्या जागेत वायू असतो. म्हणून नेहमीच्या कोअरमधला तेलाचा आकडा खालच्या खऱ्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच येतो.

यावर उपाय आहेत. तेलाधारित मड वापरलं तर खडकातलं मूळचं पाणी बरंचसं जागेवर राहतं. पाणी मोजायचं, उरलेलं तेल धरायचं. पाण्याच्या मडमध्ये खुणेचं रसायन मिसळलं तर परकं पाणी किती शिरलं ते वजा करता येतं. स्पंज कोअरिंगमध्ये आतल्या नळीला स्पंजचं अस्तर असतं, निसटलेलं तेल तेच टिपून घेतं. प्रेशर कोअरिंगमध्ये बॅरल खालीच झडप लावून बंद करतात आणि खालच्या दाबासकट वर आणतात. उत्तम, पण खर्चिक आणि हाताळायला जोखमीचं.

वर आणण्याचा वेगही महत्त्वाचा. शेवटच्या काही शे मीटरमध्ये घाई केली तर वायू एकदम फुगतो आणि खडकाला बारीक तडे जातात. मग प्रयोगशाळेत पारगम्यता सुरेख येते, ती आपणच पाडलेल्या तड्यांची.

प्रयोगशाळेत काय काय होतं?

सुरुवात सीटी स्कॅनने होते, नळी न उघडता. आतल्या भेगा, गाठी, मडने पोखरलेला भाग दिसतो, आणि कुठे कापायचं नाही ते कळतं. मग गॅमा मोजणी. नंतर प्लग: साधारण दर ३० सेंटिमीटरला एक, अडीच किंवा ३.८ सेंटिमीटर व्यासाचा, थराला समांतर. काही ठिकाणी थराला काटकोनातही, कारण आडवी आणि उभी पारगम्यता सहसा सारखी नसते. शेवटी कोअर लांबीतून उभा कापतात. पातळ भाग फोटो आणि वर्णनासाठी, जाड भाग पुढच्या कामांसाठी. फोटो दोनदा घेतात, एकदा पांढऱ्या उजेडात आणि एकदा अतिनील. शेजारी शेजारी ठेवले की कुठल्या थरात तेल आहे ते लहान मूलही दाखवील.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करतात. आधी त्यात निळी राळ भरतात, त्यामुळे जिथे निळं दिसतं तिथे मूळची पोकळी. एखादा वालुकाश्म हातात धरून भरभक्कम वाटतो आणि काप बघितला की पाचवा हिस्सा निळाच असतो.

सच्छिद्रता कशी मोजतात?

प्लग आधी धुतात. डीन-स्टार्क उपकरणात टोल्युइन उकळतं, त्याची वाफ प्लगमधून जाते, पाण्याला घेऊन वर येते, थंड होऊन मापनळीत उतरते. पाणी किती ते डोळ्यांनी वाचायचं. तेल टोल्युइनमध्ये विरघळतं, ते वजनातल्या फरकावरून काढायचं. मग प्लग वाळवून बंद कोठडीत ठेवतात आणि त्यात हेलियम सोडतात. दाब किती उतरला यावरून बॉइलच्या नियमाने घन भागाचं आकारमान निघतं. हेलियम घेण्याचं कारण, त्याचा अणू इतका लहान की बारीक छिद्रातही शिरतो आणि खडकाला चिकटत नाही.

आणि पारगम्यता?

१८५६ मध्ये ऑन्री दार्सी यांनी फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूतून पाणी वाहण्याचा नियम मांडला, पारगम्यतेचं एकक, दार्सी, त्यांच्याच नावाचं. तेलाच्या खडकांत ते बहुधा हजारांशात, म्हणजे मिलिडार्सीत मोजतात. काही शे मिलिडार्सीचा वालुकाश्म असेल तर लोक खूश असतात.

प्लगमधून नायट्रोजन सोडून वेग आणि दाबातला फरक मोजतात. इथे एक खोच आहे. वायूचे रेणू छिद्रांच्या भिंतीवरून घसरतात, त्यामुळे पारगम्यता द्रवापेक्षा जास्त दिसते, आणि खडक जितका घट्ट तितकी ही चूक मोठी. १९४१ मध्ये क्लिंकेनबर्ग यांनी ती दुरुस्त करण्याची रीत दिली: वेगवेगळ्या दाबांवर मोजायचं आणि आलेख अनंत दाबापर्यंत वाढवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या खडकांचा भार. टेबलावर प्लग मोकळा असतो, खाली तो चेपलेला असतो. त्यामुळे मोजणी भार देऊनही करायला हवी. सच्छिद्रतेत फरक थोडा पडतो, पारगम्यतेत मात्र, विशेषतः घट्ट खडकात, कित्येक पटींचा पडू शकतो. अहवालात पारगम्यतेचा आकडा दिसला की तो कुठल्या भाराखालचा आहे हे आधी बघा. लिहिलेलं नसेल तर विचारा.

वाळवण्यात काय एवढं? भट्टीत ठेवला की झालं.

स्वच्छ वालुकाश्म असेल तर झालं. पण छिद्रांत इलाइटसारख्या चिकणखनिजाचे केसासारखे बारीक तंतू असतील, तर भट्टीत ते भिंतीला चिकटून बसतात. छिद्र मोकळं होतं, आणि खाली क्वचितच वाहणारा खडक प्रयोगशाळेत भराभर वाहायला लागतो. अशा खडकाला आर्द्रता राखलेल्या भट्टीत साधारण ६० अंशांवर सावकाश वाळवतात, किंवा त्याहून नाजूक पद्धत वापरतात.

प्लग कुठून काढायचे यात कोणाचा हात असतो?

असतो, आणि तो निकालात उतरतो. चांगला दिसणारा, न तुटणारा भाग निवडायचा मोह प्लग कापणाऱ्याला होतोच. शेलच्या बारीक पट्ट्या वगळल्या जातात, कारण प्लग तिथे फुटतो. सरासरी आपोआप खऱ्यापेक्षा देखणी होते. म्हणून ठराविक अंतरावर कापायचं, आणि जिथे प्लग मिळाला नाही तिथे "मिळाला नाही" अशी नोंद करायची. रिकामी ओळही माहिती देते. मोठ्या पोकळ्यांच्या चुनखडकात तर लहान प्लगचा उपयोगच नसतो. प्लगएवढीच पोकळी असेल तर मोजणार काय? तिथे पूर्ण व्यासाचा तुकडा घेऊन मोजतात.

विशेष चाचण्या कशासाठी लागतात?

नेहमीच्या चाचण्या जागा किती आणि वाट किती हे सांगतात. तेल, पाणी आणि वायू एकाच छिद्रात असताना कोण कोणाला वाट देतं हे विशेष चाचण्यांतून कळतं. पाणी सोडून तेल ढकलत गेलं की शेवटी किती तेल चिकटून राहतं, खडकाला पाण्याची ओढ आहे की तेलाची, पाण्याची पातळी केशिकांनी किती वर चढते, हे सगळं त्यात येतं.

खडकाची ओढ हा यातला सर्वांत नाजूक भाग. मडमधल्या रसायनांनी ती बदलते, प्लग धुतल्यानेही बदलते. म्हणून धुतलेला प्लग खालच्याच तेलात, खालच्याच तापमानाला काही आठवडे मुरवत ठेवतात, मूळची ओढ परत यावी म्हणून. परत किती आली यावर तज्ज्ञांत वाद चालतात. पारा दाबून छिद्रांच्या तोंडांचं माप काढण्याची चाचणी झटपट होते, पण तो प्लग कायमचा वाया जातो, तेव्हा ती शेवटी.

विद्युतरोधाची मोजणीही यातलीच. शेल या तेलकंपनीतले गस आर्ची यांनी १९४२ मध्ये विद्युतरोधावरून छिद्रांतलं पाणी काढण्याचं सूत्र दिलं. त्यातले घातांक बहुतेक ठिकाणी २ धरून लोक पुढे जातात. तुमच्या खडकाचे घातांक २ आहेत की १.७, हे फक्त तुमच्या कोअरमधून कळतं.

नेहमीच्या चाचण्यांचे निकाल काही आठवड्यांत येतात. विशेष चाचण्यांना कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त. तोवर व्यवस्थापनाने निर्णय घेऊन टाकलेला असतो, हा भाग वेगळा.

एवढ्याशा कोअरवरून सगळ्या साठ्याचा अंदाज बांधणं धाडसाचं नाही का?

धाडसाचंच आहे. १० सेंटिमीटर व्यासाच्या कोअरचं तोंड १ चौरस किलोमीटरच्या तुलनेत सुमारे पावणेतेरा कोटींपैकी एक भाग भरतं. म्हणून कोअरचे आकडे जसेच्या तसे सगळीकडे पसरवत नाहीत. कोअरवरून लॉग दुरुस्त करतात, लॉगवरून विहिरी जोडतात, मधल्या जागेत भूकंपीय सर्वेक्षणाचा आधार घेतात, आणि विहिरीतून तेल प्रत्यक्ष वाहायला लागलं की दाबाच्या चाचण्यांनी पडताळतात. चाचणीत पारगम्यता कोअरपेक्षा कितीतरी जास्त आली तर कोअर चुकला असं लगेच म्हणू नये. खाली भेगांचं जाळं असेल, जे प्लगमध्ये आलंच नाही.

पण कोअरमध्ये आकड्यांपलीकडचंही काही असतं. हा वाळूचा थर नदीच्या पात्रातला की समुद्रकिनाऱ्यावरचा, हे थरांच्या तिरक्या रेषा, कणांची चढण-उतरण, किड्यांनी केलेली बिळं बघून कळतं. पात्रातली वाळू लांब आणि अरुंद पसरते, किनाऱ्याची रुंद. पुढची विहीर कुठल्या दिशेला घ्यायची याचं उत्तर पुष्कळदा सच्छिद्रतेच्या तक्त्यापेक्षा या बिळांत जास्त असतं.

शेलमध्येही कोअर घेतात?

घेतात, पण पद्धती बदलतात. पारगम्यता मिलिडार्सीच्या लाखांशात जाते, तिथे नेहमीचा प्लग दाद देत नाही. खडक बारीक कुटून हेलियमने मोजतात. वायू किती आहे हे बघायला ताजा तुकडा बंद डब्यात घालून खालच्या तापमानाला ठेवतात आणि सुटणारा वायू दिवसेंदिवस मोजत राहतात. डब्यात जाण्याआधी वाटेत जो वायू उडाला, त्याचा मागे जाऊन अंदाज करावा लागतो, आणि सगळ्यात मोठी शंका त्याच आकड्यात असते.

आता संगणकावरच खडक तपासता येतो म्हणे. मग कोअर बंद होणार?

सूक्ष्म सीटी स्कॅनने छिद्रांचं जाळं टिपून त्यातून द्रव संगणकावर वाहवता येतो, हे खरं. चुऱ्याच्या कपट्यावरही जमतं. पण स्कॅन करायला खडक लागतोच, आणि जितकं बारीक बघाल तितका तुकडा लहान होत जातो. शिवाय खडकाची ओढ चित्रात दिसत नाही. पूरक म्हणून छान आहे.

काम झाल्यावर कोअर फेकून देतात का?

शहाणे लोक नाही देत. त्याच जागेचा कोअर पुन्हा घ्यायचा तर नवी विहीर खोदावी लागेल. पुष्कळ देशांत काही हिस्सा सरकारी कोअर भांडारात ठेवला जातो. अमेरिकेत डेन्व्हरला आणि ब्रिटनमध्ये कीवर्थला अशी मोठी भांडारं आहेत. तेलासाठी कापलेले जुने कोअर आज कार्बन डायऑक्साइड साठवण्याच्या किंवा भूऔष्णिक ऊर्जेच्या अभ्यासासाठी बाहेर काढले जातात.

कधी भांडारात कोअर बघायला गेलात तर भिंग, मोजपट्टी आणि पाण्याची फवारणी बरोबर असू द्या. कोरड्या कापावर न दिसणाऱ्या थरांच्या रेषा ओल्यावर लगेच उठून दिसतात. शेलवर मात्र फवारू नका, काही शेल पाण्याने फुटतात. आम्ल टाकायचं असेल तर आधी परवानगी घ्या. आणि पेटीतून एका वेळी एकच तुकडा उचला, बाण बघून त्याच जागी ठेवा.